आधी खोट, मग चहा

दिग्या,

तुझ्या शोकसभेत मला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि मला त्याचा राग आला. तुला जाऊन पाच दिवस झाले होते, आणि मी मान उंचावून पुढच्या दोन रांगांत कोण कोण बसलंय ते बघत होतो. तुझ्या सिनेमात जेमतेम तीन मिनिटं दिसलेली ती नटी पहिल्या रांगेत. तुझा कॅमेरामन, ज्याची नि तुझी ओळख दोन वर्षांपूर्वीची, तोही पहिल्या रांगेत. आणि ज्याच्याशी तू अठ्ठावीस वर्षं भांडलास तो मी, खांबाच्या आड. एकजण उठून म्हणाला, दिगंबर काळाच्या पुढे होता. दुसरा म्हणाला, त्याचा सिनेमा कळायला आपल्याला अजून पन्नास वर्षं लागतील. माझ्या पोटात दुखायला लागलं. खरं सांगतो, रडू नंतर आलं, आधी पोटात दुखलं. मेल्यावरसुद्धा तू माझ्या पुढेच.

मग सूत्रसंचालक म्हणाला, ‘आता दिगंबरचे जुने मित्र, चितेगावच्या शाळेतले मराठीचे शिक्षक सोपानराव दोन शब्द बोलतील.’ मी उठलो नाही. शेजारच्याला सांगितलं, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. जे खरं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं, आणि बोलण्यासारखं जे होतं ते मी एकदा तुझ्यासमोर बोलून बसलो होतो. त्याचंच तर सगळं झालं.

आपला नियम तुला आठवत असेलच. विद्यापीठात नाटकं करायचो तेव्हाचा. प्रयोग झाला की पैठण गेटजवळ मुनीरचाचाच्या टपरीवर जायचं. ज्याचं काम झालंय त्याने तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याने आधी खोट सांगायची, एकच, पण खरी. ती सांगून होईपर्यंत दोघांपैकी कुणी चहाला हात लावायचा नाही. कौतुकाला बंदी नव्हती, पण ते दोघांचे कप रिकामे झाल्यावर, उठता उठता. ‘छान’ हा शब्द मात्र आपल्यात चालतच नव्हता. तू म्हणायचास, ‘छान पाहुण्यानं म्हणायचं आसतं. भाजी कशी झालीय? छान. जागा कशीय? छान. घरच्यानं सांगावं की मीठ कमी पडलंय.’ चाचा आपल्याकडे बघून वैतागायचा. ‘पहले लड़ लेव, बाद में पीव. फिर मैं गरम काय को डाला?’

माझ्या पहिल्या एकांकिकेला तू काढलेली खोट मला अजून पाठ आहे. ‘सोप्या, तुझी माणसं लई शहाणीयत. गावात इतकं नीट कुणी बोलत नाय. तू त्यांना मास्तर करून टाकलंयस.’ आठ दिवस मी तुझं तोंड बघितलं नाही. नवव्या दिवशी सगळी एकांकिका पुन्हा लिहून काढली. स्पर्धेत ती पहिली आली. बक्षीस घ्यायला मी गेलो आणि तू खालून शिट्ट्या मारत होतास. तेव्हा मला तुझ्याविषयी जे वाटलं त्याला प्रेम म्हणायला माझी काही हरकत नाही. पण त्याच वेळी हेही वाटलं, की हा इतक्या सहज कसा शिट्ट्या मारू शकतो? याला काहीच कसं टोचत नाही?

ते टोचणं माझ्याकडे पहिल्यापासून होतं, दिग्या. तुमचं करमाडला रान. आमचं काय, तर मेंढरं. आमचा आजा खुलताबादच्या डोंगरावरून कळप घेऊन निघायचा, शहराच्या कडेकडेनं जायचा आणि करमाडला तुमच्या रानात मेंढरं बसवायचा. रानाला खत व्हायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. तुझ्या वडिलांनी मला लहानपणी पाहिलं असेल तर ते घोंगडी पांघरून बांधावर बसलेलं. आपली दोस्ती झाल्यावर दोन वर्षांनी हे आपल्याला कळलं. तू इतका खूश झालास, गावभर सांगत सुटलास, आणि मला तुझा राग आला. ज्याचं रान असतं त्यालाच त्यात गंमत वाटते. नाटक करता करता मला मास्तरकीची ऑर्डर आली, मी चितेगावला रुजू झालो. तू कुठेच रुजू झाला नाहीस. सगळे म्हणायचे, दिगंबरचं धाडस बघा. मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, पाठीशी रान असलं की कुणीही धाडस करतो. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू हसून म्हणाला असतास, ‘खरंय की.’ आणि माझा रागही माझ्याकडून काढून घेतला असतास.

आणि तुझ्या सिनेमातला तो मेंढा. तो तर मीच तुला दिला.

खुलताबादहून परत येताना आपण एका उंबराखाली बसलो होतो. मी तुला आजाची गोष्ट सांगितली. शहराच्या बावन्न दरवाजांच्या जुन्या तटाच्या कडेनं कळप चालला की आमचा म्होरका मेंढा एका ठरावीक जागी थांबायचा. तिथं दरवाजा नाही, खिंडार नाही, नुसती भिंत. मेंढा भिंतीकडे तोंड करून उभा, त्याच्यामागं सगळी मेंढरं उभी. मी काठी उगारायचो. आजा माझा हात धरायचा. ‘दम धर. इथं वेस आसंल कधीकाळी. आपल्याला दिसत नाय, त्याला म्हायती.’ मग आजा काठीवर रेलून उभा राहायचा. मेंढा आपल्या मनाने निघेपर्यंत.

तू म्हणालास, ‘हे लिही, सोप्या. बावन्न दरवाजांच्या गावात त्रेपन्नावा दरवाजा, आन् तो फकस्त मेंढ्याला दिसतो. आजच लिही.’ मी हो म्हणालो. पुढची बारा वर्षं मी हो म्हणत होतो. वहीत एकच ओळ लिहिली होती, ‘मेंढा थांबला.’ पुढे माझं घोडं अडलं ते अडलंच. दर दिवाळीला तू फराळाला यायचास आणि चकली तोंडात टाकायच्या आधी विचारायचास, ‘लिहिलं का?’ तेराव्या दिवाळीला तू वेगळं विचारलंस. खाली मान घालून विचारलंस, ‘मग मी करू का? सिनेमा?’ मी म्हणालो, ‘कर की, त्यात काय एवढं?’ आणि त्या दिवसापासून तुझ्यावर डूख धरला.

सिनेमा तयार झाल्यावर तू ओळखीच्या माणसांसाठी एका रविवारी सकाळी खेळ ठेवलास. आदल्या दिवशी फोनवर म्हणालास, ‘आजून हात फिरवायचाय. महिनाभर आहे हातात. तुझी खोट ऐकल्याबिगर मी सिनेमाला कुलूप लावत नाय.’ मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो. तुला खोटं वाटेल, पण त्या अंधारात मी मोठ्या आशेने बसलो होतो. मला वाटलं, आज आजा दिसणार.

आणि तुझा मेंढा बोलायला लागला! तेही एखाद्या कुलगुरूसारखं. त्याच्या शिंगांना निळा उजेड. तो त्रेपन्नावा दरवाजा आरशांचा, त्याच्या आत पाण्याच्या पायऱ्या, पायऱ्यांवर टांगलेली बिनकाट्यांची घड्याळं, आणि घड्याळांखाली लाल लुगड्यातली एक बाई, जी दोन तासांत एक शब्द बोलत नाही पण सारखी वाळू चाळते. माझ्या पुढच्या रांगेत तुझे करमाडचे मामा-मामी होते. मामीने विचारलं, ‘ही बाई वाळू का चाळतीय वो?’ मामा म्हणाले, ‘ती भूमी हाय.’ मामी म्हणाली, ‘आन् भूमीनं वाळू कशापायी चाळायची?’ मामा म्हणाले, ‘गप बस. प्रतीक हाय ते.’ मामी गप बसली, पण शेवटपर्यंत ती त्या बाईकडे संशयाने बघत होती.

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. माझी निराशा खरी होती, ती मी मत्सराच्या खात्यात टाकू देणार नाही. तुझ्या सिनेमात मेंढा काळ झाला होता. भिंत विस्मृती झाली होती. आमचा आजा तर अख्खी संस्कृती होऊन बसला होता, पांढऱ्याशुभ्र दाढीसकट. आमच्या आजाला दाढी नव्हती, दिग्या. त्याला विड्यांचा खोकला होता आणि एका कानाने कमी ऐकू यायचं. तुझ्याइतकं साधं बघणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तूच उंटावरून शेळ्या हाकल्यास.

पण मध्येच एक तुकडा आला. निळा उजेड नाही, संगीत नाही. दुपारचं रखरखीत ऊन, तटाची भिंत, मेंढा थांबलेला. म्हातारा काठीवर रेलला. मग त्याने एका पायातली वहाण काढली, उलटी करून आपटली, आत गेलेला खडा पाडला आणि वहाण पुन्हा घातली. मी खुर्चीचा दांडा धरला. तो आजा होता. तो अस्साच करायचा. मी हे तुला कधी सांगितलं होतं? उंबराखाली सांगितलं असेन, बोलता बोलता, आणि विसरून गेलो. माझ्या आजाच्या वहाणेतला खडा मी विसरलो आणि तू सांभाळून ठेवलास. तेवढ्यात मेंढा हलला, निळा उजेड आला, घड्याळं आली.

मला त्या क्षणी एक खोट लख्ख दिसली. पन्नास नाही, एकच, पण खरी. आणि हेही दिसलं, की हा तुकडा मला जन्मात जमला नसता. बारा वर्षं वही उघडी ठेवून जमला नव्हताच. आपलीच वस्तू दुसऱ्याच्या हातात जास्त शोभताना बघणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

टपरीवर चाचाने दोन कप ठेवले. तू गुडघ्यांवर हात ठेवून बसलास, परीक्षेला बसल्यासारखा. म्हणालास, ‘बोल.’

मी म्हणालो, ‘छान झालाय रे.’

तू माझ्याकडे बघितलंस. ‘सोप्या.’

‘खरंच छान. लई मोठं काम केलंस.’

तू कपाकडे बघत राहिलास. चहावर साय धरली. चाचाला चैन पडेना, त्याने गल्ल्यावरून विचारलं, ‘क्या मियां, आज झगड़ा नक्को?’ तू म्हणालास, ‘आज पाहुणे आलेत, चाचा.’ उठलास, गाडीला किक मारलीस आणि करमाडच्या रस्त्याला लागलास. तुझा कप तसाच होता. मी माझा चहा प्यायलो.

मी लोकांना कारण काय सांगायचो ते तुझ्या कानावर आलं असेल. म्हणायचो, मी काही बोललो असतो तर लोक म्हणाले असते की सोपान जळतो. हे कारण बरं होतं, त्यात मी जरा थोरही दिसायचो. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनी आहे माझी. खरं कारण आज सांगतो. मी खोट सांगितली असती तर तू ती दुरुस्त केली असतीस. तू करतोसच. महिना हातात होता. घड्याळं काढली असतीस, ती बाई काढली असतीस, आणि तो सिनेमा चांगला झाला असता. मला तो चांगला व्हायला नको होता. एवढंच आहे ते.

तू खरंच काही बदललं नाहीस. तसंच कुलूप लावलंस. सिनेमा इथं एक आठवडा लागला. चौथ्या दिवशी दुपारी मी गुपचूप गेलो. नऊ माणसं होती, मध्यंतराआधीच दोघं उठली. त्यातला एक जाता जाता म्हणाला, ‘पूरा सर के ऊपर से गया.’ मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. निर्लज्जपणे सांगतो, मी पॉपकॉर्न घेतले. मग तो तुकडा आला. ऊन, भिंत, मेंढा, वहाण. मी आजूबाजूला बघितलं, तर माझ्या रांगेतला माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मला त्याचं बखोट धरून सांगावंसं वाटलं, अरे वर बघ, माझा आजा चाललाय! माझ्या दोस्तानं काढलाय तो! त्याने वर बघायच्या आत मेंढा हललाच.

त्यानंतर तुझा मेसेज आला. एकच शब्द. ‘खोट?’

दुसरी संधी होती ती. मी सगळं टाइप केलं. वाचलं. पुसलं. आणि हात जोडलेलं चित्र पाठवलं. अठ्ठावीस वर्षांत मी तुला कधी हात जोडले नव्हते. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि तू काही लिहिलं नाहीस. वीस दिवसांनी शोभावहिनीच्या भावाचा फोन आला की सकाळी रानात चक्कर टाकायला गेलास आणि बांधावरच बसलास तो बसलास.

परवा तुझा तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर वहिनी माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘भावजी, त्या दिशी पिक्चर दावून आले ना, तर दोन दिस कुणाशी बोलले नाय. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणले, सोप्या छान म्हणला. मी म्हणलं, मंग तोंड का पाडलंय? तर म्हणले, तुला नाय कळायचं, माझा माणूस गेला.’ मी खाली बघत होतो. मग तिने विचारलं, ‘खरं सांगा, काय चुकलं व्हतं त्यांचं? तुम्हालाच म्हायीत आसंल. लोकं काहीबाही बोलत्यात, मला काय समजत नाय.’

तिसरी संधी, दिग्या. तुझ्या अंगणात, तुझ्या बायकोने हातात आणून दिलेली. मी म्हणालो, ‘काही नाही, वहिनी. छान होता.’

तिने मान हलवली आणि ताटं उचलायला गेली. तीही ओळखून चुकली की घरात पाहुणा आलाय.

म्हणून आज शाळेतून परस्पर टपरीवर आलोय. चाचा आता थकलाय, गल्ल्यावर त्याचा जावई असतो, पण मला बघून तो स्वतः उठला. त्याला कळलं होतं. ‘अल्ला उनको सुकून दे,’ म्हणाला. मी दोन चहा सांगितले. त्याने मला वेड्यात काढलं नाही. दोन कप आणून ठेवले, एक माझ्यापुढे, एक तुझ्या बाजूला.

तर ऐक. वरातीमागून घोडं आहे, पण ऐक.

मेंढा लवकर हलला. ही तुझी खोट. आजाने खडा पाडला, वहाण घातली आणि तू मेंढ्याला लगेच पुढे काढलास. आमचा मेंढा असा लगेच हलत नसे. आजा उभा राहायचा, पाय बदलायचा, खोकायचा, तंबाखू मळायचा, आणि तरी मेंढा तिथंच. त्या उभं राहण्यातच सगळं होतं. तू तो तसाच उभा ठेवला असतास, आम्हाला कंटाळा येईपर्यंत, तर आम्हालाही भिंतीत दरवाजा दिसला असता. मग आरसे लागले नसते, पायऱ्या लागल्या नसत्या. तुला भीती वाटली, की लोकांना नुसती भिंत दिसेल. म्हणून घाई केलीस. एवढी घाई करायला नको होतीस. जरा थांबायचं होतंस.

झालं. हे सांगायला किती वेळ लागला बघ. चहा व्हायला लागतो तेवढासुद्धा नाही.

तुझ्यावाचून माझं काय होणार ते मला आजच दिसतंय. आता माझी खोट कोण काढणार? हेडसर काढतात, पण ती रजेच्या अर्जातली. हे लिहिलंय त्यातसुद्धा तू खोट काढली असतीस. म्हणाला असतास, ‘सोप्या, स्वतःला लई वाईट दाखवतोयस, तेपण मिरवण्यासाठीच.’ काढ की. मी आठ दिवस तोंड बघणार नाही, नवव्या दिवशी सगळं पुन्हा लिहीन.

चाचाने दोनदा येऊन बघितलं. आत्ता म्हणाला, ‘सर, ठंडी हो री. दूसरी देऊं?’ मी नक्को म्हणालो.

कौतुकही आहे, दिग्या. लई आहे, साठून राहिलेलं. त्या एका तुकड्याचंच इतकं आहे की तुला लाज वाटली असती. पण ते दोघांचे कप रिकामे झाल्यावर, उठता उठता सांगायचं असतं. माझा मी संपवलाय. तुझा अजून तसाच भरलेला आहे.